ऑनलाइन ईश्वरविज्ञान: नुसती फी भरून भागणार नाही, मंडळीला सोबत बसावं लागेल

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव, संगमनेर या तालुक्यांत ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 साली सुरू झालं, तेव्हापासूनचा हा इतिहास. आज अनेक गावांत चर्च उभं आहे, पण प्रत्येक गावात पाळक नाही. एकाच पाळकाकडं पाच-सहा गावं असली, तर मोटारसायकलवर फिरून फिरून तो किती फिरणार? एक रविवार या गावाला, दुसरा त्या गावाला. उरलेल्या रविवारी गावातलंच कुणीतरी उभं राहतं. कधी निवृत्त गुरुजी, कधी पंच कमिटीतला माणूस, कधी महिला मंडळातली बाई, कधी तरुण संघातला पोरगा. उपदेश तेच करतात, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला तेच जातात आणि नवरा-बायकोच्या भांडणात समजूत घालायलाही त्यांनाच बोलावणं येतं.

या माणसांचं धर्मशिक्षण कुठं झालं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हतं. लहानपणी संडे स्कूल, मोठेपणी ऐकलेले उपदेश आणि घरातलं पवित्र शास्त्र, एवढीच शिदोरी. आता हातात मोबाईल आला आहे आणि मोबाईलवर ईश्वरविज्ञानाचे वर्गही आले आहेत. काही फुकट, काही थोड्या फीचे, काही चांगल्याच फीचे. मार्च 2020 च्या टाळेबंदीत उपासना झूम, यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवर गेली. सेमिनऱ्यांचे वर्गही पडद्यावर गेले. टाळेबंदी उठली, पण ही सवय राहिली.

तेव्हा आता प्रश्न असा आहे. सभासद ऑनलाइन शिकायला तयार झाला, तर मंडळीनं काय करायचं? पाठीवर थाप मारून मोकळं व्हायचं, फी भरून मोकळं व्हायचं, की त्याच्यासोबत बसायचं? गावच्या मंडळीचं पुढच्या दहा वर्षांचं भवितव्य बऱ्याच अंशी या उत्तरावर ठरणार आहे.

पुण्याची वाट लांब का पडते

ईश्वरविज्ञान शिकायचं तर रिवाजाची वाट पुण्याला जाते. युनियन बिब्लिकल सेमिनरी पूर्वी यवतमाळला होती, 1983 साली ती पुण्यात आली. युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्रही पुण्यातच. कॅथलिकांचं ज्ञान-दीप विद्यापीठही पुण्यात. एके काळी नगर शहरातच मिशनची ईश्वरविज्ञानाची शाळा होती आणि रेव्हरंड ना. वा. टिळक तिथं शिकवत. ते दिवस गेले.

सेमिनरीत राहून शिकायचं म्हणजे काही वर्षं घर सोडायचं. पंचवीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या पोराला ते जमतं. पण रविवारी खरोखर उभा राहणारा माणूस चाळीस-पन्नासचा असतो. दोन एकर रान, दोन गाया, शाळेत जाणारी लेकरं, म्हातारे आईवडील. सकाळ-संध्याकाळ धारा काढून दूध डेअरीला घालायचं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री; पाणी भरायला रात्री दोनला उठायचं. अशा माणसाला सेमिनरीत जा म्हणणं म्हणजे शिकू नको म्हणण्यासारखंच आहे. ज्याला पाठवता येतं त्याला पाठवलं, तर तो शिकून शहरातल्या चर्चमध्ये जातो. त्यात त्याचा दोष नाही. पगार तिथं आहे, मुलांच्या शाळा तिथं आहेत.

हा पेच जगात आधीही पडला आहे

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात साठ वर्षांपूर्वी हेच झालं होतं. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चची सेमिनरी होती, पण खेड्यात मंडळी चालवणारी माणसं शेतकरी, कुटुंबवत्सल. त्यांना सेमिनरीत येऊन राहता येईना, आणि जे येऊन शिकले त्यातले बरेच खेड्यात परतेनात. 1963 साली त्यांनी उलटा विचार केला. विद्यार्थी सेमिनरीकडं येत नाही, तर सेमिनरीच विद्यार्थ्याकडं न्यायची. घरी बसून वाचण्यासाठी सोपी पुस्तकं केली. आठवड्यातून एकदा जवळच्या ठिकाणी सगळे जमायचे, शिक्षक तिथं यायचा. आणि जे शिकलं ते त्याच आठवड्यात आपल्या मंडळीत करून बघायचं.

या पद्धतीला विस्तारित ईश्वरविज्ञान शिक्षण म्हणतात. ती पुढं अनेक देशांत पसरली. भारतात बंगळुरूची टॅफ्टी ही संस्था 1971 पासून हेच काम करते. इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतही तिचे अभ्यासक्रम आहेत. तेव्हा इंटरनेट नव्हतं, पुस्तकं पोस्टानं यायची. तरी माणसं शिकली. कारण पुस्तक घरी असलं तरी आठवड्याची बैठक ठरलेली होती. बैठकीत चार जणांसमोर तोंड दाखवायचं म्हणून माणूस रात्री पुस्तक उघडायचा.

आजचा मोबाईल हे पुस्तकाचं काम पोस्टापेक्षा कितीतरी चांगलं करतो. गडबड झाली ती अशी, की पुस्तक मोबाईलवर आलं आणि आठवड्याची बैठक मात्र गळून पडली.

एकट्याचं घोडं कुठं अडतं

ऑनलाइन शिक्षण अर्धवट सुटतं हा केवळ खेड्यातल्या माणसाचा दोष नाही. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित संस्थांच्या मोफत ऑनलाइन वर्गांचा सहा वर्षांचा हिशेब 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. 2017-18 मध्ये नाव घातलेल्यांपैकी वर्ग पूर्ण करणारे निघाले जेमतेम 3 टक्के. वर्ग जगातले उत्तम, शिक्षक उत्तम, नेट चांगलं, तरी शंभरातले तीन. नुसतं बघायला नाव घालणारे यात बरेच असतात हे खरं. तरी त्यातून एक गोष्ट कळते. फुकट मिळालेलं आणि एकट्यानं धरलेलं शिक्षण हातातून लवकर निसटतं.

गावात तर अडचणी जास्त. मोबाईल एक आणि घरात माणसं पाच. पोराचा अभ्यास, बाजारभाव बघणं, डेअरीचा मेसेज, सगळं त्याच फोनवर. रात्री नऊला वर्ग लावला तर दिवसभर खुरपून आलेला माणूस दहा मिनिटांत पेंगतो. पहिले दोन धडे उत्साहात होतात, तिसऱ्या धड्यात अवघड शब्द येतात. विचारायला कोणी नसतं. मग कांदा काढायला येतो, वर्ग तुंबतात, आणि एकदा तुंबले की उघडायची हिंमत होत नाही. महिन्याभरानं कुणी विचारलं तर माणूस म्हणतो, आपलं डोकं नाही तेवढं. डोकं असतं, सोबत नसते.

मंडळीनं करायचं ते काय

पहिली गोष्ट जागा. चर्चचा हॉल रविवार सोडून बहुतेक दिवस बंद असतो. आठवड्यातून एक संध्याकाळ तो उघडा ठेवला, एक टीव्ही आणि नेटचं कनेक्शन घेतलं, तर पाच-सात जण एकत्र बसून धडा बघू शकतात. प्रत्येकाचा वेगळा डेटा नको, वेगळा फोन नको. ज्याच्याकडं साधा फोन आहे तोही शिकतो. नोकरीसाठी पिंपरी-चिंचवडला किंवा मुंबईला गेलेली गावची पोरं त्याच वेळी फोनवरून जोडली गेली, तर त्यांचीही गावाशी नाळ राहते.

दुसरी गोष्ट वेळापत्रक. शिकवणारी संस्था आपलं वेळापत्रक लावते, ते शहराचं असतं. गावच्या गटानं आपलं लावावं. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी, त्याच वेळी लेंटचे दिवस आणि ईस्टर. जूनमध्ये पेरणी. दिवाळीनंतर ऊसतोड, डिसेंबरभर नाताळच्या गाण्यांच्या फेऱ्या. हे महिने सोडून किंवा त्या महिन्यांत निम्मा अभ्यास धरून वर्षाची आखणी करावी लागेल. संध्याकाळी दूध घालून आल्यावर आठ ते नऊ, एवढा तास खरा. तारखांची सक्ती नसलेला वर्ग निवडला तर हे सोपं जातं.

तिसरी गोष्ट माणूस. नुसता व्हिडिओ लावून भागत नाही. मध्येच थांबवून, समजलं का, आपल्या गावात हे कसं लागू पडतं, असं विचारणारा कुणीतरी लागतो. तो पंडित असायची गरज नाही. निवृत्त शिक्षकाला हे उत्तम जमतं, कारण वर्ग कसा चालवायचा ते त्याला माहीत आहे. पाळकानं महिन्यातून एकदा येऊन शंकांची उत्तरं दिली तरी पुरे.

चौथी गोष्ट पैसा. फी सगळी मंडळीनं भरली तर शिकणाऱ्याला किंमत राहत नाही, आणि सगळी त्याच्यावर टाकली तर मजुरी करणारा येतच नाही. मधली वाट अशी निघते, की निम्मी मंडळीनं भरावी, निम्मी त्यानं, आणि परीक्षा दिली की त्याच्या निम्म्यातलंही थोडं परत. हा खर्च वार्षिक सभेत मंजूर करून हिशेबात दाखवावा. कुणाच्या भाच्याला पाठवलं आणि कुणाला वगळलं यावरून गावात फूट पडते, ती उघड हिशेबानंच टळते.

पाचवी गोष्ट काम. शिकलेल्याला शिकता शिकताच काहीतरी सोपवायला हवं. या महिन्यात लूकचं शुभवर्तमान शिकला, तर एका रविवारी त्यावर बोलायला उभा करा. संडे स्कूल द्या, आजाऱ्यांच्या भेटी द्या. ग्वाटेमालाच्या शेतकऱ्यांना जे कळलं ते हेच, की ज्ञान वापरलं तर टिकतं.

मराठीची अडचण मोठी आहे

ऑनलाइन मिळणारं चांगलं साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाची जुन्या आणि नव्या करारावरची पूर्ण व्याख्यानं फुकट बघता येतात. पण बारावी मराठीतून झालेल्या माणसाला ती झेपणं कठीण. यंत्रानं केलेली मराठी भाषांतरं साध्या गोष्टीला चालतात. कृपा, करार, तारण, नीतिमत्त्व असे शब्द आले की अर्थ भलतीकडं जाण्याची भीती असते.

गटानं शिकण्याचा फायदा इथं सगळ्यांत जास्त आहे. गटात एक जण जरी इंग्रजी समजणारा असला, कॉलेजला जाणारी मुलगी असली, तरी बाकीच्यांना मराठीत सांगता येतं. सांगता सांगता तिलाही पक्कं होतं. एका वहीत शब्द लिहित गेलं, इंग्रजी शब्द एकीकडं आणि आपल्या बोलीतला अर्थ दुसरीकडं, तर दोन वर्षांत गावचा स्वतःचा कोश तयार होतो. पुढच्या गटाला तोच उपयोगी.

हे काम क्षुल्लक समजू नये. मराठी नव्या कराराची वाटही अशीच तयार झाली. बंगालात बसून विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं, 1810 साली कोश काढला, आणि 1811 साली मराठी नवा करार आला. आधी शब्द, मग शास्त्र.

बायकांचा वाटा

गावच्या मंडळीत प्रार्थनेला बायका जास्त, संडे स्कूल बायकांच्या खांद्यावर, पण शिकायला पाठवायची वेळ आली की नाव पुरुषाचं निघतं. पुण्याला राहायला जाणं तर सून-लेकीला जवळजवळ अशक्य. ऑनलाइन वर्गानं ही भिंत खाली आली आहे. पण पडली नाही, कारण घरातला चांगला फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि रात्री आठ ही भाकरी थापायची वेळ असते. चर्चच्या हॉलमध्ये दुपारी तीनला बायकांचा वेगळा गट बसवला, तर हा प्रश्न सुटतो. घरातूनही विरोध होत नाही, कारण जागा चर्चची आहे.

याचा आदर्श लांब शोधायला नको. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. 1922 साली मृत्यू येईपर्यंत त्या या कामात होत्या. छपाईचं काम सदनातल्या बायकांनीच केलं. शंभर वर्षांपूर्वी निराधार बायका हे करू शकल्या, तर आज पदवीधर सुनांना तास-दोन तास अभ्यास जमणार नाही हे पटत नाही. उत्तर भारतीय मंडळीत, म्हणजे सीएनआयमध्ये, बाईला पाळकपदाची दीक्षा घेता येते. वाट मोकळी आहे, चालणाऱ्या तयार करायला हव्यात.

कागद कुणाचा, किंमत किती

आता सावध राहण्याची गोष्ट. मोबाईलवर ‘घरबसल्या ईश्वरविज्ञानाची डॉक्टरेट’ अशा जाहिराती येतात. पैसे भरा, काही महिन्यांत नावामागं डॉक्टर लावा, वर टोपी-झग्याचा फोटो. काही जण फसून घेतात, काही जण ठरवून घेतात. दोन्हीत मंडळीचं नुकसान.

भारतात पदवी कुणी द्यायची हे 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम 22 मध्ये ठरलेलं आहे. कुणीही उठून पदवी वाटू शकत नाही. ईश्वरविज्ञानात जुना आणि कायदेशीर अधिकार आहे तो सेरामपूर कॉलेजचा. नावानं घोटाळा होतो. हे आपल्या जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, बंगालात हुगळीच्या काठचं. केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1818 साली हे कॉलेज काढलं. 1827 साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेनं त्याला पदवीचा अधिकार मिळाला आणि 1918 च्या कायद्यानं तो पक्का झाला. देशातल्या कितीतरी सेमिनऱ्या या सेनेटला जोडलेल्या आहेत. पाळक न होता, घरी राहून ख्रिस्ती अभ्यासाचा डिप्लोमा किंवा पदवी करायची सोयही सेनेटनं ठेवली आहे.

एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यताही अनेक चर्चेस मानतात. पण ती चर्चच्या जगातली मान्यता, सरकारी नोकरीला चालणारी नव्हे. हा फरक आधीच समजून घ्यावा. आणि प्रमाणपत्रच नसलेले, पण शिकवणी चांगली असलेले मोफत वर्गही पुष्कळ आहेत. ज्याला फक्त संडे स्कूल नीट घ्यायची आहे, त्याला कागदाची गरजच काय?

म्हणून पैसे भरण्याआधी मंडळीनं चार प्रश्न विचारावेत. ही संस्था कुणाशी जोडलेली आहे? शिकवणारे कोण, त्यांचं शिक्षण कुठं झालं? परीक्षा खरी होते की नुसती पावती मिळते? आणि आपल्या डायोसिसला किंवा मुख्य मंडळाला हे मान्य आहे का? चौथा प्रश्न महत्त्वाचा, कारण कितीही ऑनलाइन शिकलं तरी दीक्षा देणं चर्चच्याच हातात असतं. हे आधी सांगितलं नाही, तर चार वर्षं शिकलेला माणूस पाचव्या वर्षी ‘मला पाळक करा’ म्हणून उभा राहतो आणि वाद कोर्टापर्यंत जातो. कॅथलिक पंथात तर मिस्सा धर्मगुरूच अर्पण करतो. तिथं अशा शिक्षणाचा उपयोग धर्मशिक्षकांना, कुटुंबभेटींना आणि तरुणांच्या वर्गांना.

पाळकाची धास्ती आणि मंडळीची भीती

उघड कुणी बोलत नाही, पण खरी अडचण इथं आहे. सभासद शिकला की प्रश्न विचारतो. मोशेची पाच पुस्तकं कुणी लिहिली, चार शुभवर्तमानांत एकच प्रसंग वेगवेगळा का, दशांश नव्या करारात सक्तीचा आहे का, मंडळीच्या जमिनीचा हिशेब कुठं आहे. यातला शेवटचा प्रश्न ईश्वरविज्ञानाचा वाटत नाही, पण विश्वस्तपणा काय असतो हे शिकलेला माणूस तो विचारणारच. मग काही पाळकांना वाटतं, हा आपल्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे. काही वडीलधाऱ्यांना वाटतं, पोरगं शिकून बिघडलं.

दुसरी बाजूही खोटी नाही. एकटा बसून, रात्री-बेरात्री, कुठल्या तरी परदेशी वक्त्याचे व्हिडिओ बघून माणूस खरंच भरकटतो. प्रार्थना केली की कर्ज फिटतं, औषध घेणं म्हणजे विश्वास कमी, अशी शिकवण घेऊन तो गावात येतो आणि साखरेच्या आजाराची म्हातारी गोळ्या सोडून बसते. याची भीती पाळकाला वाटत असेल तर ती रास्त आहे.

दोन्ही भीतींवर उपाय एकच आहे आणि तो म्हणजे एकत्र बसणं. चार जणांच्या गटात भलती शिकवण फार वेळ टिकत नाही, कारण कुणीतरी विचारतंच, हे कुठं लिहिलंय? आणि पाळक त्याच गटात महिन्यातून एकदा बसला, तर प्रश्न त्याच्या पाठीमागं न होता समोर होतात. जो पाळक गटात बसून ‘याचं उत्तर बघून सांगतो’ असं म्हणू शकतो, त्याचा मान वाढतोच. जो म्हणतो मोबाईलवरचं सगळं बंद करा, त्याच्या माघारी ते चालूच राहतं, फक्त बंद दाराआड.

आकडा छोटा, म्हणून काम मोठं

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10 लाख 80 हजार होते, राज्याच्या एक टक्क्याच्याही आत. त्यातही खेड्यातल्या मंडळ्या छोट्या. चाळीस-पन्नास घरांच्या मंडळीला पूर्णवेळ पाळकाचा पगार झेपत नाही आणि नजीकच्या काळात झेपेल असंही नाही. म्हणजे रविवारी गावातलाच माणूस उभा राहणार, हे नक्की. तो शिकलेला असेल की नसेल, एवढंच मंडळीच्या हातात आहे.

चर्चेसच्या वार्षिक सभांत इमारतीचा रंग, माईक सेट, नाताळची वर्गणी यावर तासन् तास चर्चा होते. त्यात एक विषय वाढवायला हरकत नाही. आपल्यातले शिकायला तयार कोण, त्यांच्यासाठी हॉल कोणत्या दिवशी उघडा, गट चालवणार कोण, फीचा वाटा किती, आणि वर्षाअखेर त्यांनी काय शिकलं ते मंडळीपुढं कधी सांगायचं. पाच ओळींचा ठराव आहे. त्याला ना मोठा निधी लागतो, ना वरून परवानगी. हॉलची किल्ली ज्याच्याकडं आहे, त्यानं ती एका संध्याकाळी बाहेर काढली तरी सुरुवात होते.